बिनभाड्याचं बिऱ्हाड

जुलैचा शेवटचा आठवडा. कळंब असो, भूम असो की उमरगा, बाजारपेठेतल्या सेवा केंद्रासमोर सातबारा, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्सची गुंडाळी हातात धरून माणसं उभी असतात. खरीप पीक विम्याची मुदत साधारण ३१ जुलैच्या आसपास संपत आलेली असते, सोयाबीन गुडघ्याला लागलेलं असतं आणि पोर्टलला नेमकी तेव्हाच धाप लागते. धाराशिव जिल्ह्यातलं हे दरवर्षीचं दृश्य. ऑपरेटरचा एक डोळा ओटीपीवर, एक डोळा घड्याळावर. तेवढ्यात पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून एक लालभडक चौकट वर सरकते: तुमच्या संगणकात पाच व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब साफ करा. तो ती बंद करतो. लगेच दुसरी येते. मग तिसरी, तिच्यात गुडघेदुखीचं तेल.

यावर गावोगाव एकच औषध सांगितलं जातं: फॉरमॅट मारून घे. हजार-पाचशे घालवून विंडोज नव्यानं टाकलं जातं, चार दिवस बरे जातात आणि चौकट पुन्हा हजर होते. ती परत का येते याचं उत्तर फार मजेशीर आहे. पण ते समजायला आधी हे पाहावं लागेल, की ही चौकट मुळात येते कुठून.

ती अँटीव्हायरसची नसते. विंडोजचीही नसते. अनेकदा तर त्या संगणकावर कुणी एकही नवा प्रोग्रॅम टाकलेला नसतो. काही दिवसांपूर्वी कुठल्याशा वेबसाइटनं विचारलेलं असतं, तुम्ही रोबो नाही हे दाखवायला ‘अलाऊ’ दाबा. घाईत ते दाबलं गेलं. रोबोचा आणि त्या बटणाचा काडीचाही संबंध नव्हता. ती परवानगी होती नोटिफिकेशन पाठवण्याची.

त्या एका क्लिकनंतर आत जे घडतं ते पाहिलं की रागाच्या जागी थोडं कौतुक वाटायला लागतं. ब्राउझर त्या क्षणी फक्त त्या वेबसाइटसाठी, फक्त या संगणकापुरता, एक स्वतंत्र पत्ता तयार करून घेतो. सोबत किल्ल्यांची एक जोडी बनवतो. खासगी किल्ली स्वतःपाशी ठेवतो, दुसरी वेबसाइटला देतो. वेबसाइट आपली एक छोटी स्क्रिप्ट ब्राउझरमध्ये ठेवून जाते. आता टॅब बंद करा, महिनाभर तिकडं फिरकू नका. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला तिचा सर्व्हर हवा तेव्हा निरोप लिहितो, तुमच्या किल्लीनं तो कुलूपबंद करतो आणि ब्राउझरच्या मालकाच्या सर्व्हरकडं देतो. क्रोम असेल तर गुगलकडं, फायरफॉक्स असेल तर मोझिलाकडं. मधल्या सर्व्हरला तो निरोप वाचता येत नाही, त्याला फक्त पोचवायचा असतो. निरोप आला की ब्राउझर त्या झोपलेल्या स्क्रिप्टला उठवतो आणि ती उजव्या कोपऱ्यात चौकट काढते. क्रोममध्ये ही सोय एप्रिल २०१५ मध्ये आली, पुढच्या वर्षी तिचं जागतिक मानक ठरलं आणि निरोप कुलूपबंद करण्याचं मानक २०१७ मध्ये. हे सगळं ज्यांनी घडवलं त्यांच्या डोळ्यांसमोर ईमेल होतं, ताज्या बातम्या होत्या. इतकी देखणी, इतकी सुरक्षित यंत्रणा, आणि तिच्यावरून येतंय काय, तर गुडघेदुखीचं तेल.

त्यातही एक गंमत. ‘तुमच्या अँटीव्हायरसची मुदत संपली’ अशी जी चौकट येते, तिच्यावर क्लिक केलं तर कधीकधी खऱ्या, नावाजलेल्या अँटीव्हायरसच्याच पानावर माणूस पोचतो. पत्त्याच्या शेवटी एक सांकेतिक क्रमांक जोडलेला असतो. खरेदी झाली की त्या क्रमांकाच्या मालकाला कमिशन. म्हणजे भीती खोटी, दुकान खरं आणि दलाली रोख.

यावरचा उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथं परवानगी दिलेल्या वेबसाइटांची यादी दिसते. अनोळखी नावं काढून टाकायची, आणि वरचा पर्याय असा ठेवायचा की यापुढं कुणी विचारूच नये. फॉरमॅट नको, अँटीव्हायरस नको, खर्च शून्य. मोबाइलवरच्या क्रोममध्येही हेच.

एवढ्यानं भागलं नाही तर मात्र समजायचं, की आत खरंच कुणीतरी बिऱ्हाड केलंय. गुगल उघडलं तर भलतंच शोधयंत्र दिसतं. सरकारी पोर्टलच्या पानावर, जिथं जाहिरातीचा प्रश्नच नाही तिथं, रमीची जाहिरात दिसते. हा ॲडवेअरचा, म्हणजे जाहिराती घुसवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, जुना, मुरलेला प्रकार. आणि तोही दार फोडून येत नाही. आपणच ‘नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री, फिनिश’ म्हणत त्याला आत घेतलेलं असतं.

सेवा केंद्राच्या संगणकाइतकं पाहुणचाराचं ठिकाण दुसरं नाही. फोटो अमुक केबीत बसवायचाय. पीडीएफ लहान करायचीय. जुन्या मराठी फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायचाय. अंगठ्याच्या मशिनचा ड्रायव्हर हवाय, आत्ता हवाय, समोर बावीस माणसं उभी आहेत. शोधलं की पहिल्या पानावर चार हिरवी ‘डाउनलोड’ बटणं दिसतात, त्यातली तीन जाहिरातीची. ऑपरेटरला बावळट म्हणणं सोपं आहे. पण एक रुपयात पीक विमा होता तेव्हा केंद्रचालकाला एका अर्जामागं ४० रुपये ठरलेले होते. त्या चाळीस रुपयांत परवान्याचा इंग्रजी मजकूर वाचत बसण्याची मजुरी धरलेली नव्हती.

फुकट सॉफ्टवेअरच्या पोटात दुसरं सॉफ्टवेअर दडवून देणं हा काही भुरट्यांचा उद्योग नव्हता. जावा ही भाषा संगणकावर टाकताना तिच्यासोबत आस्क कंपनीचा टूलबार येत असे, खूण काढायला विसरलं की ब्राउझरच्या डोक्यावर तो बसलाच. कितीतरी वर्षं हे राजरोस चाललं. एक इन्स्टॉल झालं की इतके पैसे, असा दरच बाजारात ठरलेला असतो, आणि तो देशागणिक वेगळा असतो.

आता आश्चर्याचा भाग. हे बिऱ्हाड आत येऊन राहतं कुठं? स्वतःसाठी चोरकप्पा वगैरे फारसा खणत नाही. संगणकात कुणाच्या तरी सोयीसाठी पूर्वीच केलेल्या जागा असतात, त्यांतच ते पथारी पसरतं.

सर्वांत साधी जागा म्हणजे डेस्कटॉपवरचं ब्राउझरचं चित्र. तो शॉर्टकट असतो. त्याच्या पोटात लिहिलेलं असतं की अमुक फोल्डरमधला क्रोम उघड. त्या ओळीच्या शेवटी एखाद्या वेबसाइटचा पत्ता जोडून द्यायचा. झालं. क्रोम निर्मळ, त्याची सेटिंग्ज निर्मळ, अँटीव्हायरसला काही सापडत नाही, आणि तरी प्रत्येक वेळी उघडतं ते भलतंच पान. शॉर्टकटवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमधली ती ओळ वाचली की चोर सापडतो.

दुसरी जागा इतिहासाच्या पोटात आहे. विंडोजमध्ये ‘होस्ट्स’ नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. इंटरनेटच्या पूर्वजात, अर्पानेटवर, मोजकेच संगणक होते तेव्हा सगळ्यांची नावं आणि क्रमांक एकाच फाइलमध्ये लिहिलेले असत आणि ती फाइल स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सांभाळली जाई. संगणक वाढले, यादी आवरेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची आजची विखुरलेली व्यवस्था आखली. पण ती जुनी फाइल गेली नाही. आजही तुमचा संगणक एखाद्या वेबसाइटचा पत्ता जगाला विचारण्याआधी ती घरातली फाइल चाळतो आणि तिच्यात जे लिहिलंय त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. नोटपॅडमध्ये दोन ओळी लिहिता आल्या, की बँकेच्या नावासमोर भलताच क्रमांक टाकता येतो. चाळीस वर्षांपूर्वीची सवय लोहाऱ्यातल्या संगणकात जिवंत आहे, आणि ॲडवेअर लिहिणाऱ्यांना ती पाठ आहे.

तिसरी जागा मला सगळ्यांत आवडते. कधी क्रोमच्या मेनूत सगळ्यात खाली एक ओळ दिसते: हा ब्राउझर तुमची संस्था व्यवस्थापित करते. कुठली संस्था? दुकान एका माणसाचं, वर्षाच्या भाड्यानं घेतलेलं, बाजूला रसवंती. हजारो संगणक असलेल्या मोठ्या कंपन्यांना आपल्या नोकरांच्या ब्राउझरवर नियम लादता यावेत म्हणून ही सोय आहे. विंडोजच्या रजिस्ट्रीत ठरावीक जागी नोंद केली की अमुक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, सक्तीनं बसतं, आणि वापरणाऱ्याला ते काढता येत नाही. ‘रिमूव्ह’चं बटण मख्ख राहतं. ॲडवेअर तीच नोंद करतं आणि तुमच्या दुकानाचा साहेब होऊन बसतं. पत्त्याच्या पट्टीत ‘क्रोम’, मग कोलन, दोन तिरप्या रेघा आणि ‘पॉलिसी’ असं इंग्रजीत टाइप केलं, की लादलेल्या नियमांची यादी समोर येते. घरच्या संगणकावर ती रिकामी असायला हवी. काही अँटीव्हायरस आपलाही एखादा नियम तिथं घालतात, तेवढं पाहून घ्यावं.

याखेरीज प्रॉक्सीची सेटिंग असते, जिच्यामुळं सगळी वाहतूक तिऱ्हाइताच्या अंगणातून जाते. आणि टास्क शेड्युलर असतो, ठरल्या वेळी ठरलं काम करणारा. तो या सगळ्यांचा राखणदार. तुम्ही शॉर्टकट नीट केला, एक्स्टेन्शन काढलं, समाधानानं चहाला गेलात. तासाभरानं शेड्युलर जागा झाला, त्यानं पाहिलं काय काय गायब आहे, आणि सगळं पूर्ववत मांडून ठेवलं. लोक म्हणतात कंप्युटरला भूतबाधा झाली. बाधा बिधा काही नाही, रोज वेळेवर हजर होणारा नोकर आहे.

म्हणून काढण्याला क्रम असतो. आधी राखणदार, मग बिऱ्हाड. शेड्युलर आणि स्टार्टअप तपासायचं. मग कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रॅमांची यादी तारखेनुसार लावायची आणि उपद्रव सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास आलेली अनोळखी नावं उडवायची. मग पॉलिसी, प्रॉक्सी, होस्ट्स, शॉर्टकट. ब्राउझरची एक्स्टेन्शनं सगळ्यात शेवटी, आणि त्यानंतर सेटिंग्ज मूळपदावर आणण्याचं बटण. उलट्या क्रमानं केलं तर दिवसभर तेच करत बसावं लागतं. हा सगळा शोध एका दमात घेणारी हत्यारंही आहेत. ‘ॲडव्क्लीनर’ हे त्यांतलं गाजलेलं. ते फ्रान्समध्ये जन्मलं, ऑक्टोबर २०१६ मध्ये मालवेअरबाइट्स कंपनीनं विकत घेतलं आणि अजूनही फुकट आहे. मात्र ते कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्यावं. त्याच नावानं इतरत्र काय मिळेल ते सांगवत नाही.

पण अँटीव्हायरस असताना असं वेगळं हत्यार लागतंच का? आपल्या पुण्याची गोष्ट इथं आठवते. सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला लागले, मग संगणक दुरुस्तीकडं वळले. दुरुस्तीला येणारे बरेच संगणक व्हायरसनं आजारी असत. मॉडर्न कॉलेजात शिकणारे धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिले. त्यातून नव्वदच्या दशकाच्या मध्यात ‘क्विक हील’ उभं राहिलं, फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याचे शेअर बाजारात आले. त्या काळातला व्हायरस उघड शत्रू होता. फ्लॉपीतून घुसायचा, नासधूस करायचा. त्याला मारताना कुणाची परवानगी लागत नसे. ॲडवेअरच्या हातात मात्र तुम्ही ‘आय ॲग्री’ म्हटल्याचा पुरावा असतो, आणि मागं नोंदणीकृत कंपनी. झँगो नावाच्या अशाच एका अमेरिकी कंपनीनं, आमचं सॉफ्टवेअर अडवता म्हणून, कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीला कोर्टात खेचलं होतं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं कॅस्परस्कीच्या बाजूनं कौल दिला. तोवर अँटीव्हायरसवाले जरा दबकूनच असत. विंडोजनंसुद्धा असल्या नकोशा पाहुण्यांना आपणहून अडवायला ऑगस्ट २०२१ उजाडू दिलं. विंडोज सिक्युरिटीत ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’खाली ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ असतं. जुन्या संगणकावर ते बंद असण्याची शक्यता बरीच, तेव्हा चालू करून टाकावं.

बिऱ्हाडाला यातून मिळतं काय, हे कळायला २०१७ सालात जावं लागतं. त्या वर्षी जूनच्या पहिल्या तारखेला चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीनं ‘फायरबॉल’ नावाच्या ॲडवेअरचा बोभाटा केला. मागं होती बीजिंगची राफोटेक नावाची डिजिटल मार्केटिंग कंपनी. जगभरात २५ कोटी संगणक बाधित, आणि देशवार यादीत सगळ्यात वर भारत: २ कोटी ५३ लाख. फायरबॉल काय करायचं? फुकट प्रोग्रॅमच्या आडून यायचं आणि ब्राउझरचं शोधयंत्र बदलायचं. तुम्ही शोधलेले शब्द आधी त्या बनावट शोधयंत्राकडं जात, ते तुमची माहिती टिपून घेई आणि प्रश्न पुढं याहू किंवा गुगलकडं सरकवी. उत्तर खरं मिळे, म्हणून संशय येत नसे. अशी चौदा बनावट शोधयंत्रं जगातल्या सर्वाधिक भेटी मिळणाऱ्या दहा हजार वेबसाइटांत जाऊन बसली होती! मायक्रोसॉफ्टनं काही दिवसांत सांगितलं की हा आकडा फार फुगवलेला आहे, आम्ही २०१५ पासून या टोळीवर नजर ठेवून आहोत. आकडा कुणाचाही धरा, धंद्याचं गणित बदलत नाही. एका संगणकाकडून मिळणारी कमाई नगण्य, पण संगणक कोट्यवधी. आणि ज्या हाताला शोधयंत्र बदलता येतं त्याला त्या वाटेनं दुसरं काहीही आत ढकलता येतं. चेक पॉइंटला खरी धास्ती याचीच होती.

त्याच वर्षी, २१ फेब्रुवारी २०१७ रोजी, केंद्र सरकारनं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केलं होतं. त्याच्या वेबसाइटवर क्विक हील, ई-स्कॅन यांची सफाईची फुकट हत्यारं मिळतात, आणि सी-डॅकनं बनवलेला, ब्राउझरमधल्या घातक स्क्रिप्टवर पहारा ठेवणारा ‘ब्राउझर जेएसगार्ड’सुद्धा. आपल्याकडच्या संगणक वर्गांत टायपिंग आणि एक्सेल शिकवतात, हे केंद्र दाखवत नाहीत. दाखवायला हवं.

काही वेळा बिऱ्हाड निघून जातं आणि मागं उघडं दार ठेवून जातं. लेनोव्होनं २०१४ च्या अखेरीस विकलेल्या काही लॅपटॉपवर सुपरफिश नावाचं ॲडवेअर कारखान्यातूनच बसवलेलं होतं. कुलूपाचं चिन्ह असलेल्या सुरक्षित पानांतही जाहिरात घुसवता यावी म्हणून त्यानं संगणकात आपलं स्वतःचं प्रमाणपत्र ठेवलं होतं, आणि त्या प्रमाणपत्राची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपवर एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये रॉबर्ट ग्रॅहम या तज्ज्ञानं काही तासांत तिचा पासवर्ड शोधला: ‘कोमोडिया’, म्हणजे ज्या कंपनीचं तंत्र सुपरफिशनं वापरलं तिचंच नाव. सुपरफिश अनइन्स्टॉल केलं तरी ते प्रमाणपत्र जागच्या जागी राहत होतं. ते वेगळं शोधून काढावं लागलं.

सज्जन बिऱ्हाडाचंही सांगता येत नाही. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे उघड्या टॅबना झोपवून मेमरी वाचवणारं, वीसेक लाख लोक वापरत असलेलं एक्स्टेन्शन. २०२० मध्ये मूळ लेखकानं ते विकलं. नव्या मालकानं त्यात काहीबाही भरलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलनं ते सगळ्यांच्या क्रोममध्ये बंद पाडलं. वापरणाऱ्यांनी मधल्या काळात काहीच दाबलेलं नव्हतं. म्हणून दर काही महिन्यांनी एक्स्टेन्शनांची यादी उघडून, वापरात नसलेली काढून टाकलेली बरी.

राहिला फॉरमॅटनंतर परत येणाऱ्या उपद्रवाचा प्रश्न. विंडोज नवं टाकलं, क्रोम टाकलं आणि सवयीनं जीमेलनं साइन-इन केलं, की सिंक सुरू होतं. तुमचे बुकमार्क, पासवर्ड, एक्स्टेन्शन, शोधयंत्राची निवड, सगळं गुगलच्या सर्व्हरवरून इमानदारीनं परत येतं. त्यात ते नको असलेलं एक्स्टेन्शनही येतं. तेव्हा आधी जुन्या विंडोजवरच ते काढून सिंकमधून जाऊ द्यायचं, फॉरमॅट नंतर.

आणि हे करूनही ते आलंच, तर दुरुस्तीवाल्याच्या पेन ड्राइव्हकडं पाहावं. त्यात ‘ऑल सॉफ्टवेअर’ नावाचा एक फोल्डर असतो: व्हिडिओ प्लेयर, पीडीएफचं काहीतरी, फाँट कन्व्हर्टर, क्रॅक केलेलं ऑफिस. कुठून कुठून जमवलेलं, गावभर फिरणारं. त्यातल्या बऱ्याच इन्स्टॉलरच्या पोटात जाहिरातीचं सॉफ्टवेअर नसतंच, नुसता एक पत्ता असतो. फाइल चालवली की ती त्या पत्त्यावर विचारते: संगणक कुठल्या देशात आहे, ब्राउझर कुठला, अँटीव्हायरस कुठला. त्यावरून, त्या क्षणी ज्यानं जास्त पैसे देऊ केलेत त्याचा माल खाली उतरतो. एकच फाइल परंड्यात एक बिऱ्हाड आणते आणि बर्लिनमध्ये दुसरं. आधी तो फोल्डर डिलीट करायला लावायचा, मग विंडोज टाकू द्यायचं, आणि ड्रायव्हर मशिनच्या कंपनीच्याच वेबसाइटवरून उतरवायचा, मागं बावीस माणसं थांबली तरी.